इशारा उंबरठ्यापर्यंत

हवामानबदलाची चर्चा बहुधा परिषदांतून चालते. त्याला तोंड द्यायचे कसे, हे मात्र मला बांगलादेशाकडे पाहून उमगले. १९७० साली, तो पूर्व पाकिस्तान असताना, एका चक्रीवादळाने किमान ३ लाख माणसे नेली. २००७ च्या ‘सिडर’ वादळाचा जोरही तसाच होता. पण मृत्यू सुमारे ३,५०० झाले. मधल्या काळात किनाऱ्यावर उंच खांबांवरचे निवारे उभे राहिले होते. गावातलेच स्वयंसेवक निशाणे लावून, कर्ण्यावरून ओरडत इशारा दारोदार पोचवू लागले होते. तो निरक्षरालाही कळतो.

माझ्या आईला अक्षरओळख नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. समुद्राची पातळी वाढते आहे, वादळे अधिक उग्र होत आहेत. अशा वेळी शास्त्रज्ञांचे बोलणे तिच्यासारख्यांच्या उंबरठ्यापर्यंत नेणे, हे आम्हा शिकणाऱ्यांचेच काम नव्हे काय?