बोरे, झबली आणि चार मते

बाहेरगावच्या पाहुण्याला पुण्याच्या पेठा दाखवावयाच्या म्हणजे शनिवारवाडा, तुळशीबाग, मंडई हा ठरलेला क्रम. परंतु एखादे गाव खरोखर पाहावयाचे असेल, तर घरात तान्हे मूल असावे आणि हातात घरच्या वडीलधाऱ्या बाईने लिहिलेली यादी असावी, अशा मताला मी आता आलो आहे. ही यादी माणसाला जिथे जिथे नेते, तिथे कोणतीही प्रवासमार्गदर्शिका नेत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात आमच्या घरी कन्या जन्मली. माझे वय बेचाळीस. इतकी वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवली. पण झबले, टोपडे, कुंची, दुपटे हे शब्द माझ्या लेखी कोशातलेच होते. त्यांचा खरा अर्थ तुळशीबागेतल्या एका दुकानदाराने मला गादीवरून न उठता पाच मिनिटांत शिकवला. पुढे काष्ठौषधींच्या दुकानातून मुरुडशेंग, वेखंड, जायफळ आणि हळकुंड घेऊन मी विजयी मुद्रेने घरी परतलो. डॉक्टरीणबाईंनी मात्र सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही द्यायचे नाही, असे बजावले होते. तेव्हा गुटीची ती सारी मंडळी सहाणेसह फडताळात मानाने बसून राहिली. डिंक, खारीक आणि अळीव तेवढे लाडवांच्या रूपाने कामी आले. त्यातला थोडा वाटा बाळंतिणीच्या नवऱ्यालाही मिळाला, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.

यादीतले पुढचे कलम जन्माच्या दाखल्याचे. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी असा १९६९ चा कायदा आहे. खबर रुग्णालयाने दिली होती; मला दाखला तेवढा आणावयाचा होता. रांगेत उभा असताना एका गोष्टीची मला गंमत वाटली. या कायद्याची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ ला अमलात आली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशासाठी, वाहन परवान्यासाठी आणि मतदार यादीत नाव घालण्यासाठीही जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. जिला अजून मान सावरत नव्हती, जिचे नावही ठरले नव्हते, त्या मुलीच्या २०४३ सालच्या मताची पहिली वीट त्या खिडकीत रचली जात होती!

तो दाखला महापालिकेचा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस जिथे टोचून घेतली, तो दवाखानाही महापालिकेचा. नळ तिचा, गटार तिचे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे रुग्ण एकामागून एक निघाले आणि दूषित पाण्याचा संशय बळावला, तेव्हा साऱ्या शहराने पातेली चुलीवर चढवली होती. आमच्या स्वयंपाकघरातले पातेले अजून खाली उतरलेले नाही. आता तर त्याच्या शेजारी बाळाची वाटी आणि चमचाही उकळतो.

आम्ही पेठेतली माणसे दिल्लीच्या राजकारणावर तासन् तास बोलतो. पण पाळण्याशी सर्वांत जवळचा संबंध गल्लीतल्या कारभाराचा, आणि त्याच कारभारात लोकांनी निवडलेला एकही माणूस जवळजवळ चार वर्षे नव्हता. २०१७ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, प्रशासक आले आणि निवडणूक लांबत राहिली. अखेर तारीख पडली ती १५ जानेवारी २०२६. म्हणजे ऐन संक्रांतीचा दुसरा दिवस. आमच्या घरी त्याच दिवशी बोरन्हाण ठरले होते.

तेव्हा आदल्या दिवशी काळे झबले आणि हलव्याचे दागिने घेऊन मी तुळशीबागेतून मंडईत शिरलो. १८८६ साली उभी राहिलेली ही आठकोनी दगडी वास्तू पूर्वी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाई. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. मौज अशी, की मंडईवर एवढा खर्च नको, तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असे नगरपालिकेत सांगणारे खुद्द जोतीरावच होते! १८७६ पासून काही वर्षे ते सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा ३२ सभासदांत विरुद्ध मत देणारे ते एकटे. लिटनसाहेबांचे स्वागत पुणे विसरले; त्या एका मताची आठवण अजून निघते. एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्या गृहस्थांना मी यापुढे मंडईत घेऊन येणार आहे.

"बोरं कशी दिली, मावशी?"

"लेकीच्या बोरन्हाणाला का? मग ही बारकी घ्या, दादा. डोक्यावर पडली तर लागायची न्हाईत."

मी सहज विचारले, "उद्या मताला जाणार ना?"

"जाणार तर! पन चार बटनं हायेत बरं का. एकच दाबून पळू नका."

मावशींचे म्हणणे खरे होते. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. तेव्हा एक प्रभाग सोडला तर सर्वत्र मतदाराला चार मते.

दिवसाचा क्रम आईने लावून दिला. सकाळी मतदान, दुपारी बाळाची झोप, संध्याकाळी बोरन्हाण. १९८४ च्या डिसेंबरात मला कडेवर घेऊन ती मताला गेली होती, त्यामुळे सबबींना जागा नव्हती. आधी ती आणि सौभाग्यवती जाऊन आल्या. मी पाळण्याची दोरी धरली. मग माझी पाळी. पहिले बटण दाबताना मला नळ आठवला, दुसऱ्याला दवाखाना, तिसऱ्याला शाळा आणि चौथ्याला आमच्या दारापुढचा पदपथ, ज्यावरून बाबागाडी सलग दहा पावलेही जात नाही.

संध्याकाळी आळीतली पोरे जमली. बोरे, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे यांची लयलूट झाली. हलव्याचा मुकुट घातलेली उत्सवमूर्ती मात्र मध्येच झोपी गेली. कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात मी पाय पसरले, तशी आई म्हणाली, "चार मतं दिलीस म्हणजे झालं वाटतं? मूल जन्माला आलं की काम संपतं का सुरू होतं?"

दुसऱ्या दिवशी नवी यादी हाती आली. दुपटी दोन, खोबरेल तेल, खारीक पाव किलो. आणि सर्वांत खाली आईच्या वळणदार अक्षरात: निवडून आलेल्या चौघांना भेटून पाण्याचे विचारणे.