पुडी बदलायला कोण येईल?

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या जागेला दुकान म्हणणं जरा जास्तच होईल. इथं विक्री थोडी आणि दुरुस्ती फार. अकोला, मूर्तिजापूर, चांदूर रेल्वे इथून पुड्या, म्हणजे तोंडावरची कातडी, फाटलेले तबले आणि ढोलक्या गाडीनं येतात, बोलत्या होऊन परत जातात. आषाढात, गणपतीत आणि मोझरीच्या तुकडोजी महाराज पुण्यतिथी महोत्सवाआधी भजन मंडळं दारात उभी असतात. "भाऊ, परवा भजन हाय अन् ढोलकी बोलूनच नाई राह्यली!" नवी ढोलकी क्वचितच जाते. घर चालतं ते फाटलेल्या पुडीवर.

आता तेही नीट चालत नाही. मंडळांना मोबाइलमधला ठेका पुरतो, चामडं महागलंय. म्हणून एका योजनेतून दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळाव्यात गाळा मिळतोय म्हटल्यावर उसनवारी करून माल बांधला. प्रगती मैदानावर १९८० पासून भरत आलेला हा मेळा. १४ ते २७ नोव्हेंबर ही त्याची ठरलेली तारीख. सुरुवातीचे दिवस व्यापाऱ्यांचे, नंतर सगळ्यांना दार मोकळं.

पैठणी डोळ्यांना दिसते, कोल्हापुरी चप्पल पायात घालून बघता येते. ढोलकी ऐकावी लागते, आणि मेळ्याच्या दालनात घोषणा, गर्दी, शेजारच्या गाळ्यातली गाणी यांत माझी थाप मलाच ऐकू येईना. त्यात सकाळच्या गारठ्यानं पुड्या उतरलेल्या. रोज आल्याआल्या हातोडी घेऊन तबल्याचे गठ्ठे ठोकायचे, दुपारी दिव्यांच्या उष्णतेनं सूर चढला की पुन्हा उतरवायचे. एका बाईंना ढोलकी दिवाणखान्यात शोभेला हवी होती. पॉलिश बघून घेऊन गेल्या. त्यात मला काही गैर वाटलं नाही; पैसे रोख होते.

खरी पंचाईत केली ती परदेशातून आलेल्या एका खरेदीदारानं. लाकूड कोणतं, हे त्यानं आधी विचारलं, आणि ते बरोबरच होतं. शिसव आणि शिसम ही दोन्ही झाडं ज्या प्रजातीतली, त्या सगळ्या प्रजातीच्या व्यापारावर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारानं २ जानेवारी २०१७ पासून परवान्याची अट घातली होती. तयार वाद्यं त्यातून सुटली ती २६ नोव्हेंबर २०१९ ला. मधल्या काळात तबल्याच्या खोडालाही कागद लागत. हे मी तिथंच, शेजारच्या लाकूडकामवाल्याकडून शिकलो. मग खरेदीदारानं बोटानं तबल्याच्या पुडीवरची काळी शाई चाचपली आणि दुभाष्यातर्फे विचारलं: ही पुडी फाटली की आमच्याकडे बदलणार कोण?

याचं उत्तर शाईतच आहे. बकऱ्याच्या कातड्यावर लोहचूर आणि खळ यांचा पातळ थर द्यायचा, दगडानं घोटायचा, वाळला की पुढचा थर. घोटता घोटता तिला केसासारख्या बारीक भेगा पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. नाहीतर कातडं शाईखाली जखडून जातं, आवाज मुका होतो. मधोमध असं वजन चढवल्यामुळेच तबल्यातून एकमेकांशी जुळणारे स्वर निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं. माझ्या वडिलांनी रामन यांचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण शाई जाड झाली की ते खरवडून पुन्हा पहिल्या थरापासून बसत. ज्या भेगांमुळे पुडी बोलते, त्याच भेगांतून ओल शिरते, खपली निघते. म्हणजे पुडी संपणार हे ती करतानाच ठरलेलं. आमचा धंदा त्या संपण्यावर उभा आहे, आणि म्हणूनच तो पंचक्रोशीचा धंदा आहे.

सगळ्या वाद्यांचं असं नसतं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण तार तुटली तर वाजवणारा स्वतः बदलतो. खंजिरीचंही सोपं: उन्हात धरा, विस्तवावर शेका, लगेच तयार. तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला गेले, तेव्हा खंजिरीसोबत कारागीर न्यायची गरज नव्हती. तबला मात्र चामड्याची वादी ओढणारा हात मागतो, आणि तो हात पार्सलनं जात नाही.

त्या खरेदीदारानं कातड्याऐवजी लावायच्या प्लास्टिकच्या पानाबद्दलही विचारलं. अमेरिकेत रेमो कंपनी १९५७ पासून तशी पानं करते. मी वाजवून पाहिलंय. पावसाळी दिंडीला वाईट नाही. तबल्यावर मी ते लावणार नाही, पण दुसऱ्या कुणी लावलं तर भांडायलाही जाणार नाही.

शेवटी मी बोल्टाची ढोलकी पुढे केली. वडिलांना ती कधी आवडली नाही. नटबोल्टानं ताणलेल्या पुडीला लोखंडाचा वास येतो म्हणायचे. पण पाना हातात असला की कुणालाही तिची पुडी बदलता येते. दुभाष्याला मी खाली बसवलं, एक पुडी काढायला लावली, दुसरी चढवायला लावली. आधी एका बाजूला जास्त आवळली, पुडी तिरकी बसली, आवाज फाटला. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे फिरवायला सांगितले तेव्हा जमलं. खरेदीदार सगळं मोबाइलवर टिपत होता.

त्यानं नमुन्यापुरत्या काही ढोलक्या नेल्या, तबला एकही नाही. प्रत्येक ढोलकीबरोबर जादा पुड्या मागितल्या आणि त्यांचा वेगळा दर विचारला. मी मंडळाला लावतो तोच सांगितला. दुभाष्यानं कोपरानं ढोसलं, कानाशी येऊन म्हणाला, "दुप्पट सांगा." तोवर आकडा कागदावर चढला होता.