ओहोटीची वाट

हिंगोलीत कयाधूच्या काठी, काळ्या मातीत धावायची सवय. त्यामानाने दिवेआगरची वाट फारच सोपी. चढ नाहीच. पोफळीच्या वाड्या मागे पडल्या की सुरूचं बन, मग वाळूचे उंचवटे आणि समोर जवळपास 4 किलोमीटरचा सपाट किनारा. कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर मात्र पाय आपसूक पडत जातात.

उंचवट्यांवर मर्यादवेल पसरलेली. पेरापेराला मुळं, मधूनच जांभळी फुलं. वाळू धरून ठेवते ती हीच, म्हणून मी वळसा घालून जातो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इथली कितीतरी झाडं आडवी झाली. तरीही लोक वेलीवरून गाड्या थेट वाळूत घालतात, त्याचा मला मनापासून राग येतो.