खांदेरीचा दिवा

मी कारकून माणूस. पाण्याशी माझा संबंध सकाळच्या बादलीपुरता. पण आमचे अण्णा थळचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर माणसं पेपर मागतात, नातवंडांची तोंडं बघतात. अण्णा म्हणाले, "मला खांदेरीला ने."

एका दिवसाची किरकोळ रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. "वडिलांना दीपगृह दाखवायचंय," म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू कॅशमध्ये खोट आली आहे.

थळच्या किनाऱ्यावरून होडी निघाली आणि मी रामरक्षा सुरू केली. अण्णांनी इतिहास सुरू केला. १६७९ साली महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, मायनाक भंडाऱ्यांना तिथं नेमलं. मुंबईकर इंग्रजांचा जीव वरखाली! दारात कुणी भिंत घातली तर आमच्या सोसायटीत काय होतं ते आठवा. इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला. मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री त्यांच्या नाकाखालून सामान पोचवीत राहिल्या. ऑक्टोबरच्या लढाईत तर 'डोव्हर' नावाचं त्यांचं जहाजच मराठ्यांनी धरलं. जानेवारी १६८० मध्ये साहेब गुपचूप माघारी. पण त्याच सुमारास जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारची उंदेरी बळकावली. मग काय, दोन बेटं समोरासमोर आणि गॅलरीतून भांडावं तशा तोफा! पुढं कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, इंग्रजांनी पुन्हा नशीब काढून पाहिलं. पुन्हा रिकाम्या हातानं परत.

"आणि गंमत बघ," अण्णा म्हणाले, "लढून जे जमलं नाही, ते बेट १८१८ नंतर त्यांच्या पदरात पडलं. १८६७ साली त्यांनीच तिथं दीपगृह बांधलं. आता त्याला नाव कुणाचं? कान्होजी आंग्र्यांचं!" ही नोंद कुठल्या खात्यात टाकावी, जमेच्या की नावेच्या, हे मला बी. कॉम. होऊनही कळलेलं नाही.

बेटावर वेताळाचं देऊळ आहे. कोळी लोकांचा मोठा विश्वास. ठोकला की धातूसारखा वाजणारा एक दगड आहे. मी तो दोनदा वाजवला. एकदा माझ्यासाठी, एकदा साहेबांसाठी. मनोऱ्यापाशी अण्णा बराच वेळ मान वर करून उभे राहिले. गुडघे कुरकुरत होते, पण काठी त्यांनी माझ्या हातात देऊन टाकली होती. २०२५ साली युनेस्कोनं ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं त्यात खांदेरीही आहे, हे मी सांगितलं. "त्यांना आत्ता कळलं होय!" एवढंच म्हणाले.

रात्री थळच्या वाळूत बसलो. दूर दिवा लुकलुकला. लहानपणापासून दरवेळी अण्णा बोट दाखवीत, "तो बघ, पेटला!"

या खेपेला बोट उचललं नाही. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "गेली दोन वर्षं मी अंदाजानंच बोट दाखवत होतो रे. आईला बोलू नकोस."

"नाही बोलणार," मी म्हटलं, आणि चष्मा पुसायला काढला.