कळसूबाईच्या शिड्या

माहीमहून कळसूबाईला निघायचं तर आधी दादर. पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर आलं की रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलसाठी थांबलेले सॅकवाले दिसू लागतात. कसाऱ्याहून जीपने घाट चढून, इगतपुरी-घोटीमार्गे बारी गावात पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. अकोले तालुक्यातलं हे गाव १६४६ मीटर उंचीच्या शिखराच्या अगदी पायथ्याशी आहे.

सह्याद्रीची मुख्य धार दक्षिणोत्तर, पण कळसूबाईची रांग तिच्यापासून फुटून पूर्वेकडे जाते. कुलंग, मदन, अलंग, मग कळसूबाई. शिखराच्या उत्तरेचं पाणी दारणेला मिळतं, दक्षिणेचं प्रवरेला, आणि दोन्ही शेवटी गोदावरीत. अरबी समुद्रावरून आलेला पाऊस इथे पडतो आणि बंगालच्या उपसागराकडे वाहत जातो! खाडीकाठी राहणाऱ्या मला याचं फार नवल वाटतं.

लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. टणक थराचा उभा कडा उरतो, मऊ थर झिजून त्याचा उतार होतो. म्हणून इथे चालणं आणि कडा आलटून पालटून येतात, आणि कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पूर्वी लोक साखळ्या धरून, कातळातल्या खोबणींत पाय रोवून चढत.

शिड्यांमुळे ट्रेकची मजा गेली, असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. माझ्या पुढे एक मावशी अनवाणी चढत होत्या, पदराला ओटीचं सामान बांधलेलं. मी मध्येच थबकलो तशा वरून म्हणाल्या, "शिडीवं थांबू नको बाबा, मागची माणसं खोळंबत्यात. वर जाऊन बस." हा डोंगर आधी त्यांचा आहे. नवरात्रात आसपासच्या गावांतून लोक लोटतात, त्यांत म्हातारी माणसं असतात, कडेवर लेकरं असतात. शिडी त्यांच्यासाठी आहे, आम्ही तिचा फायदा घेणारे.

शेवटच्या शिडीआधी विहीर लागते. माथ्यावर जेमतेम दोन-चार माणसं मावतील एवढं कळसूबाई देवीचं देऊळ. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय, त्यापलीकडे रतनगड, लांबवर हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग-मदन किल्ल्यांचे कातळ. त्यांच्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या, म्हणून तिथे आजही दोर आणि जाणकार वाटाड्या लागतो. दुर्गांच्या वाटा तोडल्या गेल्या, देवीची वाट मात्र लोकांनी चालती ठेवली.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी शिड्यांखाली लांब रांगा लागतात, लोखंड निसरडं होतं. शक्य असेल तर आठवड्यातल्या मधल्या वारी जावं, आणि उतरताना तोंड शिडीकडेच ठेवावं. खाली बारीत पिठलं-भाकरी मिळते. आधी सांगून ठेवलं तर गरम.