अर्धा चमचा साखर

१९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगाला दाखविले. अशा नगरीत माझा जन्म झाला, शिक्षण झाले, नोकरीही बहुतांशी तेथेच झाली. आणि तरीही वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माझे वजन ९१ किलो होते. उंची जेमतेम साडेपाच फूट. आखाडा गावात असून भागत नाही, एवढाच याचा अर्थ.

हा आकडा मला बडनेरा स्थानकावर कळला. फलाटावर वजनाचे यंत्र असे. त्याची चकती गरगरत असे, दिवे लुकलुकत असत, आणि नाणे टाकले की जाडसर कागदाचे एक तिकीट खाली पडत असे. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य. त्या दिवशी माझ्या तिकिटावर लिहिले होते की लवकरच माझ्यावर मोठी जबाबदारी येणार आहे. मी हसलो, तिकीट खिशात टाकले आणि गाडीची वाट पाहत एक आलूबोंडा खाल्ला.

पंधरा दिवसांनी, २००९ च्या जानेवारीत, माझे वडील गेले. मी थोरला मुलगा. पुढचा खांदा माझा. घरापासून चौकापर्यंतचे अंतर दोनशे पावलांहून अधिक नसेल. तेवढ्यात मला धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गुडघे थरथरू लागले. शेजारच्या एका तरुणाने माझ्याकडे पाहिले आणि एक शब्दही न बोलता आपला खांदा पुढे सरकविला. उरलेली सारी वाट मी मागून रिकाम्या हातांनी चाललो. खांदा बदलणे ही रीतच असल्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मला मात्र ठाऊक होते. ज्या माणसाने मला लहानपणी अंबादेवीच्या जत्रेत तासन् तास खांद्यावर मिरविले, त्याला मी एका चौकापर्यंतही नेऊ शकलो नव्हतो.

दुःखात केलेले संकल्प मोठे असतात आणि अल्पायुषी असतात. मी भात सोडला, पोळी सोडली, काकडी आणि उकडलेल्या भाज्यांवर राहू लागलो. दीड महिन्यात सहा किलो उतरले; दिवाळीपर्यंत सात परत आले. मग पहाटे उठून दंडबैठका सुरू केल्या. नवव्या दिवशी गुडघा सुजला. नंतर उपास धरले. आमच्या वऱ्हाडात उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे कूट आणि वर तुपाची धार. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली तो माझ्यासारखाच कोणी असला पाहिजे.

अखेर ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पट्टी घेऊन माझी कंबर मोजली. १०८ सेंटिमीटर भरली. भारतीय पुरुषाची कंबर ९० च्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, असे त्यांनी सांगितले. आणि पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची हकीकत ऐकविली. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, आणि दिसायला दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या देहात मेद सुमारे ९ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१ टक्के! आपली हाडे बारीक, स्नायू थोडे, आणि मेद साठतो तो पोटाभोवती. सडपातळ भारतीयाचीही ही कथा असेल तर माझी काय कथा?

मी विचारले, “डॉक्टरसाहेब, काय सोडू?” ते म्हणाले, “काही सोडू नका. दिवसभरात काय काय करता, ते आठ दिवस लिहून आणा.”

वाचकहो, ते आठ दिवसांचे टिपण हा माझ्या आयुष्यातील सर्वांत लाजिरवाणा लेख होय. मी लग्नाच्या पंगती आणि पुरणपोळ्या यांना दोष देत आलो होतो. टिपणात पंगत एकच निघाली. चहा मात्र रोज सहा कप. कपात साखर दोन चमचे. चमच्याला पाच ग्रॅम धरले तरी दिवसाला ६० ग्रॅम, आणि वर्षाला जवळजवळ २२ किलो. साखरेचे अर्धे पोते मी दरवर्षी चहातून पीत होतो आणि त्याला खाणे म्हणतसुद्धा नव्हतो. घरात चार माणसांना महिन्याला सहा किलो तेल लागे. म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम, ज्यातून साडेचारशे कॅलरी मिळतात. रश्शावर तर्री दिसली नाही तर तो रस्सा कसला, अशी आमची समजूत. पायी चालणे किती? घरापासून स्कूटरपर्यंत आणि स्कूटरपासून टेबलापर्यंत.

डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ६५ किलोंचे स्वप्न पाहू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. वजन सात टक्के उतरविणे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे एवढेच त्यांच्यापुढे उद्दिष्ट ठेवले होते. तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. माझ्या बाबतीत सात टक्के म्हणजे साडेसहा किलोही नव्हेत. दुसरी गोष्ट, जे उद्या सुरू करणार असाल, ते दहा वर्षांनी करीत असाल का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असेल तर उद्याही करू नका.

म्हणून मी आरंभ केला तो अर्ध्या चमच्यापासून. चहात दोनऐवजी दीड चमचा साखर. महिनाभराने एक. पुढल्या महिन्यात अर्धा. जीभ इतकी हळू फसविली की तिला कळलेच नाही. कळले ते टपरीवाल्याला. त्याने सर्वांसमक्ष विचारले, “भाऊ, शुगर झाली का तुमाले?” आजारी माणसालाच पथ्य शोभते, धडधाकट माणसाने ‘नको’ म्हटले की काहीतरी बिनसले, अशी आपल्याकडील भावना आहे. माझ्या आत्याचे तर डोळे भरून येत. “एक पोई घे ना बापू, कसा वायून चालला तू!” त्या वेळी मी ८७ किलोंचा होतो. आग्रहाला नकार देणे हे भुकेला नकार देण्याहून कठीण असते. त्यावर मी एक तोडगा काढला. पहिल्या वाढपात कमी घ्यायचे आणि आग्रहाची पोळी मात्र आनंदाने घ्यायची. आत्या समाधानी, आणि मीही.

घरातील बदल माझ्या पत्नीने केले. त्यांचे श्रेय मी घेणार नाही. तिने तेल महिन्याला साडेतीन किलोच आणावयास सुरुवात केली आणि ते संपले की संपले. पातेली ताटांजवळ मांडण्याऐवजी ओट्यावर ठेवली. पुन्हा हवे असेल त्याने उठून घ्यावे. उठण्याचा कंटाळा ही माझी जुनी खोड प्रथमच उपयोगी पडली. जेवणाच्या आरंभी काकडी, मुळा, कांदा. मग ज्वारीची भाकरी आणि भाजी. भात शेवटी, तोही मूठभर. रात्रीचे जेवण साडेनऊवरून आठवर आले. त्यानंतर शतपावली. हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी होता. दूरदर्शन संच आल्यावर तो आमच्या घरातून गेला होता. संत्र्याचा रस पिणे सोडून मी संत्री खाऊ लागलो. अमरावतीकराला हे कोणी सांगावे लागावे, ही नवलाची गोष्ट खरी. पण पेल्यात चार संत्री सहज जातात, आणि सोलून दोन खाल्ली की मन भरते.

आणि चालणे. १९५३ साली जेरी मॉरिस या इंग्रज वैद्यकाने लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी. त्याच बसमध्ये बसून असणाऱ्या चालकांना अधिक. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तर चालकांच्या विजारींचा घेरही मोठा निघाला. ते वाचले आणि मला माझी खुर्ची दिसली. मी घरी येणारे वृत्तपत्र बंद केले आणि ते चौकातून स्वतः आणू लागलो. बातम्यांची ओढ मला रोज सकाळी घराबाहेर काढू लागली. चौकातून पाय हळूहळू वडाळी तलावाच्या रस्त्याला लागले. दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन. दोन वर्षे झाली तेव्हा काटा ७९ वर आला होता.

लेख येथे संपविता आला असता, तर मी मोठा विजयी वीर ठरलो असतो. पण २०१३ साली माझी अकोल्याला बदली झाली.

बडनेऱ्याहून अकोला ८० किलोमीटरच्या आसपास. मूर्तिजापूर ओलांडले की आलेच. भाषा तीच, भाकरी तीच, माणसेही आपलीच. मी खोली भाड्याने घेतली, डबा लावला, आणि आठ महिन्यांत पाच किलो वाढलो. मला काही उमजेना. संकल्प तोच, मनुष्य तोच. मग एके रात्री डबा पुढ्यात घेऊन बसलो असता लक्षात आले की येथे ओटा नाही, म्हणून उठणे नाही. चौक जवळ नाही, म्हणून वृत्तपत्र खोलीवर येते. पत्नी नाही, म्हणून आठ वाजत नाहीत. कार्यालयात अकरा आणि चार वाजता चहा येतो, तो साखर घालूनच येतो. ज्यांना मी माझ्या सवयी समजत होतो, त्या अमरावतीच्या त्या घराच्या आणि त्या रस्त्याच्या सवयी होत्या. मी त्यांच्यात राहत होतो, एवढेच.

पुढे वाचनात आले की २००५ साली अमेरिकेत वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच पाहिले होते. जेथे भोवतालची परिस्थिती पूर्वीसारखी राहिली, तेथे व्यायामाची किंवा वृत्तपत्र वाचण्याची सवय टिकली. परिस्थिती बदलली तेथे ती ढळली. आणि लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापला गेला, त्यात नवी सवय अंगवळणी पडण्यास साधारणपणे ६६ दिवस लागलेले दिसले; कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवसही लागतील असा अंदाज होता. मला दिलासा वाटला तो त्यातील एका निष्कर्षाने: मध्ये एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही. आपण मात्र एक लाडू खाल्ला की ‘आता मोडलेच’ म्हणून सारा डबा रिकामा करतो.

अकोल्यात मी पुन्हा पहिल्या इयत्तेत बसलो. तेथील उन्हाळा प्रसिद्ध. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा संध्याकाळीही रस्त्यातून वाफा निघतात. म्हणून पहाटे पाचला उठून कृषी विद्यापीठाच्या बाजूला झाडांच्या सावलीतून फिरणे सुरू केले. माठ भरायचा आणि चपला घालायच्या, हा क्रम ठरविला. माठ भरल्यावाचून राहता येत नाही, तेव्हा चालणेही टळत नसे. कार्यालयातील चहावाल्याला महिनाभर रोज सांगितले. एकतिसाव्या दिवशी त्याने न सांगता फिका चहा आणला. डब्यातील भात बंद केला आणि बावन्नाव्या वर्षी भाकरी थापावयास शिकलो. पहिल्या भाकऱ्यांना विदर्भाच्या नकाशाचा आकार येत असे. पण स्वतः थापलेली तिसरी भाकरी खाण्याचा मोह होत नाही, कारण ती थापावी लागते. वजन ७९ वर यावयास दीड वर्ष लागले.

२०१६ मध्ये अमरावतीस परत आलो, तो आई अंथरुणाला खिळलेली. अखेरच्या वर्षात ती ३८ किलोंची राहिली होती. रोज सकाळी तिला पलंगावरून उचलून अंगणातील खुर्चीत ठेवायचे आणि ऊन तापू लागले की परत आणायचे, हे काम माझे. तिला ते फार आवडे. “लहानपणी तुले मी उचलत होती,” असे ती रोज म्हणे, जणू पहिल्यांदाच सुचले आहे. २०१८ साली ती गेली. तिच्या अंत्ययात्रेत पुढचा खांदा माझाच होता. चौक आला, तेव्हा रीतीप्रमाणे कोणीतरी पुढे झाले. मी मानेनेच ‘थांबा’ म्हटले आणि पुढल्या वळणापर्यंत चाललो.

आज माझे वजन ७६ किलो आहे, कंबर ९५. डॉक्टरांच्या पट्टीनुसार अजून पाच सेंटिमीटर जायच्या आहेत; जातील किंवा न जातील. बडनेऱ्याचे ते तिकीट मी पाकिटात जपून ठेवले आहे. भविष्याच्या बाजूची शाई आता पुसट झाली आहे. वजनाचा आकडा मात्र स्पष्ट वाचता येतो.