चार खोल्यांचा हिशेबनीस

राहायला चार खोल्या. पहिलीत एचआयव्हीची लागण झालेले, पण अंगात अजून बरीच प्रतिकारशक्ती असलेले. दुसरीत ती ढासळलेले. तिसरीत एड्स झालेले. चौथीला आत जायचं दार आहे, बाहेर यायचं नाही. वर्षातून एकदा हा गृहस्थ उठतो, डोकी मोजतो, काहींना पुढच्या खोलीत धाडतो, वहीत खर्च मांडतो आणि पुन्हा बसतो. अशी वीस वर्षं. नाव मार्कोव्ह मॉडेल, मुक्काम संगणकातला एक तक्ता.

नाव आलं आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञावरून. पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’मधली वीस हजार अक्षरं घेऊन स्वरामागून काय येतं, व्यंजनामागून काय, हे त्याने 1913 मध्ये मोजलं. विसरभोळेपणा तेव्हापासून घराण्यात आहे. रुग्ण आज कुठल्या खोलीत आहे एवढंच याला कळतं. तो कुठून आला, इथे किती वर्षं बसलाय, विचारू नका.

या चार खोल्या 1997 च्या एका ब्रिटिश अभ्यासातल्या. प्रश्न सरळ होता: झिडोव्हुडिन हे औषध एकटंच द्यावं, की जोडीला लॅमिव्हुडिन हे दुसरं औषधही? चाचण्या सांगत होत्या की जोडीने आजार पुढे सरकण्याची शक्यता निम्म्यावर येते. नेमका आकडा 0.509. पण चाचण्या काही महिन्यांत आटोपलेल्या, आणि तिजोरी सांभाळणाऱ्याला पुढच्या सगळ्या वर्षांचा खर्च हवा.

मग स्वारी निघाली उसनवारीला. लंडनच्या चेल्सी अँड वेस्टमिन्स्टर रुग्णालयाच्या नोंदींतून पहिल्या खोलीची चाल मिळाली: 1734 पैकी वर्षअखेर 1251 तिथेच, 350 दुसरीत, 116 तिसरीत, 17 चौथीत. आजाराची चाल रुग्णालयाकडून, औषधाने पडणारा फरक चाचणीकडून. ही वाटणी तो काटेकोर पाळतो. चाचणीत निवडून घेतलेली माणसं असतात, त्यांच्यावरून साऱ्या गावाचा आजार कळत नाही. आणि रुग्णालयात कोणाला कुठलं औषध मिळालं ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नसतं, त्यामुळे तिथला फरक औषधाचाच, असं छातीठोक म्हणता येत नाही.

उरलं ते गृहीत. औषधाचा असर दोन वर्षं टिकेल, हे त्याने धरलं आणि तसं लिहूनही ठेवलं. उत्तर आलं: वाढलेल्या आयुष्याच्या दर वर्षामागे 6276 पौंड. तुम्हाला दोन वर्षं पटत नसतील तर एक घाला, पाच घाला. तो न कुरकुरता वीस वर्षांची वही पुन्हा लिहून काढेल.

लबाडी करायला त्याला अक्कलच नाही. भरवाल ते तो मोजतो. त्याच्या शेवटच्या आकड्यावर भाळू नये. आधी उसनवारीचं पान उघडावं: काय कुठून आणलं, आणि काय नुसतंच धरलं.